शंभरापैकी नव्व्याण्णव

गोष्ट संपली तरी खेळ संपत नाही, असं माझ्या लेकीचं म्हणणं. व्हिडिओ गेममधला खलनायक मरतो, बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर वर सरकत जातात, आणि बाई तिथून पुढे कामाला लागतात: त्या अख्ख्या मुलखात विखुरलेल्या, गोष्टीला ज्यांची काडीची गरज नव्हती अशा वस्तू हुडकायच्या. माझा मोठा भाऊ धुळ्याला असतो, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाला. त्याच्या मते हा रिकामटेकडेपणा. यंदा आखाजीला आम्ही जळगावहून माहेरी गेलो, तेव्हा धुळ्यातल्या देवपूरच्या घरात या दोघांचं जुंपलं. मी तटस्थ नव्हते. राहवलं नाही तिथे मध्ये बोलले, आणि इथेही बोलणार आहे.

दादा : रात्री दोन वाजता तुझ्या खोलीत उजेड होता. परीक्षा आहे का कसली?

लेक : एक टोकन राहिलंय मामा. अकरातली दहा सापडली.

दादा : आणि अकरावं सापडलं की?

लेक : राणीचं माणिक बसवलेलं कडं मिळतं. ते हातात असलं की आसपास खजिना असेल तेव्हा आवाज येतो.

दादा : म्हणजे शोधाशोध केल्याचं बक्षीस काय, तर आणखी शोधाशोध करायची सोय!

लेक : अगदी तसंच.

खेळाचं नाव ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’, २०१७ सालचा. दोन बायका गणपतीचा सुळा शोधत आपल्या पश्चिम घाटात हिंडतात. त्यातल्या एका प्रकरणात जीप देऊन मोठा मुलूख मोकळा सोडलेला आहे, आणि ही होयसळांची टोकनं त्यात लपवली आहेत. ती न शोधताही गोष्ट पुढे जाते. दादाला पहिला राग टोकनांचा नाही, भूगोलाचा आला.

दादा : बेलूर आणि हळेबीड हासन जिल्ह्यात आहेत. दोन्ही ठिकाणी एस.टी. देवळासमोर उभी राहते. तुझ्या खेळात ती धबधब्यांमागे डोंगर पोखरून केलेली नगरं कशी झाली?

लेक : पण होयसळ मूळचे घाटातलेच ना? तुम्हीच सांगितलं होतं.

दादा : अंगडीचे. हो. ते खरं आहे. पण म्हणून काहीही दाखवायचं?

इथे लेकीनं विषय बदलला, आणि बरं केलं. कारण खरा वाद भूगोलाचा नव्हता. दादाचं म्हणणं असं की, या वस्तू कोणीतरी मोजून ठेवलेल्या आहेत. ठेवणाऱ्याला ठाऊक आहे किती आणि कुठे. खेळणारी त्याची मोजदाद त्याला परत करून देते, तेही स्वतःचे पैसे आणि झोप खर्चून.

लेक : मोजून ठेवल्यात म्हणूनच मजा आहे. शाळेत असताना जळगावला सायबर कॅफेत आम्ही व्हाइस सिटी खेळायचो. तिथे शंभर पुडकी लपवलेली असायची. एक उचललं की शंभर डॉलर. शिवाय दर दहा पुडक्यांमागे एक नवी वस्तू मिळायची. ऐंशीला समुद्रावर उतरणारं हेलिकॉप्टर, नव्वदला रणगाडा. पण गंमत पुडक्यात नव्हती. गोष्ट तुम्हाला ठराविक चार रस्त्यांवरून पळवते. पुडकी असतात गच्चीवर, पुलाखाली, बंगल्याच्या मागच्या अंगाला. ती शोधताना ते शहर मला पहिल्यांदा दिसलं. तोवर मी त्यातून फक्त गाडी हाकत होते.

दादा : शहर बघायला पुडकं कशाला लागतं? नुसतं बघावं.

लेक : तुम्ही जळगाव-धुळे किती वेळा केलं असेल! नव्वदेक किलोमीटर. एरंडोल आलं, पारोळं आलं, आलं धुळं. वाटेत पद्मालय, फरकांड्याचे मनोरे, पारोळ्याचा भुईकोट. नोकरीत असताना यातलं किती पाहिलंत?

दादा : नोकरीत वेळ कुठे होता.

लेक : म्हणजे मेन मिशन संपल्यावरच लागलात ना उरलेलं शोधायला?

दादा हसला, पण हार मानणाऱ्यातला नाही. खरं सांगायचं तर हा टोला त्याला वर्मी लागायला हवा होता. निवृत्तीनंतर त्यानं एक वही केली आहे. सन १८८०चं खानदेशचं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, आणि हेन्री कझिन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं १९३१चं पुस्तक, यांतली खानदेशातली ठिकाणं त्यानं उतरवून काढलीत. लळिंग, सोनगीर, थाळनेर, भामेर, बळसाण्याची देवळं, वाघळी, पाटण. जाऊन आलं की पुढे बरोबरची खूण. लेकीला ही वही ठाऊक होती.

लेक : मामा, तुमचं गॅझेटियर म्हणजे आमच्या भाषेत वॉकथ्रू. कोणीतरी आधी सगळं फिरून लिहून ठेवलंय आणि तुम्ही त्याबरहुकूम चाललाय. आम्ही निदान पहिल्या खेपेला यादी बघत नाही.

दादा : यादी आणि उत्तर यांत फरक आहे. वाघळीला शके ९९१चा, म्हणजे १०६९चा शिलालेख आहे, एवढं पुस्तक सांगतं. तिथे उभं राहून काय दिसतं ते सांगत नाही. आणि पहिल्यांदा ज्यांनी शोधलं त्यांच्याकडे यादीही नव्हती. पाटणादेवीजवळच्या पाटण गावी भाऊ दाजी लाडांना जो लेख सापडला, तो भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. आजोबांचा ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला मिळालेल्या दानाचा. शके ११२८. साडेसहाशे वर्षं तो दगड तिथेच होता. भाऊ दाजींनी १८६५ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. तो त्यांच्यासाठी कोणी लपवला नव्हता. ‘शंभरापैकी एक सापडला’ अशी पाटीही उमटली नाही.

आणि मग दादा राजवाड्यांवर आला. धुळ्याचा माणूस जुन्या कागदांबद्दल बोलायला लागला की राजवाड्यांवर येणारच. मी वाटच पाहत होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून दफ्तरं मागत हिंडले. कोणी दार लावलं, कोणी वाळवीनं खाल्लेला गठ्ठा पुढे टाकला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. असे बावीस खंड निघाले. शेवटच्या काळात ते धुळ्याला राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी इथेच गेले. लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. त्यांनी जमवलेला मराठी धातूंचा कोश त्या मंडळानं १९३७ साली छापला, म्हणजे माणूस गेल्यावर दहा वर्षांनी. याच गावात नानासाहेब देवांनी रामदासी मठांतली बाडं गोळा केली. वाग्देवता मंदिर त्यांचंच.

दादा : आता सांग, राजवाड्यांचं किती टक्के पूर्ण झालं होतं?

लेक : सांगता येणार नाही.

दादा : मग? तुला शंभरातलं एक राहिलं म्हणून झोप येत नाही. त्यांना खाली कोणता आकडा आहे हेच माहीत नव्हतं, तरी ते चालत राहिले. हा फरक आहे.

मला हा मुद्दा जरा जास्तच गुळगुळीत वाटला. राजवाडे हा आपल्याकडे वादात वापरायचा हुकमी पत्ता आहे. पण लेकीनं जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही, कारण त्यात गणित होतं आणि गणित तिनं चांगलं समजावलं.

लेक : आकडा माहीत असल्यानं सोपं होत नाही मामा. समजा च्युइंगमच्या पुडीत एकेक चित्र येतं आणि एकूण चित्रं शंभर. कोणतंही निघायची शक्यता सारखीच. सगळी शंभर जमायला सरासरी किती पुड्या लागतील?

दादा : दोनशे?

लेक : पाचशे एकोणीस. त्यातली पहिली पन्नास चित्रं एकोणसत्तर पुड्यांत जमतात. शेवटची दहा जमवायला दोनशे त्र्याण्णव लागतात. एकट्या शेवटच्या चित्राला शंभर. अर्ध्याहून जास्त कष्ट शेवटच्या दहांचे.

दादा : पण तुझी पुडकी नशिबानं निघत नाहीत. जागा ठरलेल्या आहेत.

लेक : ठरलेल्या आहेत, पण उचललेल्यांची नोंद व्हाइस सिटी दाखवत नाही. नुसतं सांगते, ‘शंभरापैकी नव्व्याण्णव’. कोणतं राहिलं ते सांगत नाही. इंटरनेटवरचा नकाशा झेरॉक्स काढून आणला तरी त्यावर शंभर ठिपके असतात. राहिलेलं एक शोधायला उचललेल्या नव्व्याण्णव जागी परत जावं लागतं. नशीब बरं असेल तर पन्नासात सापडतं. म्हणून मी नंतर नकाशावर पेनानं काट मारायला लागले.

इथे मी मध्ये पडले. मी म्हटलं, दादा, ती जे सांगते तेच तू करतोस. उरलेलं शोधणं म्हणजे पाहिलेलं सगळं पुन्हा पाहणं. त्यासाठी काय पाहून झालं ते लिहून ठेवावं लागतं. राजवाड्यांनी खंडच्या खंड छापले, त्याचा एक उपयोग हाही की मागून येणाऱ्यानं तेच कागद परत शोधत बसू नये. आकडा माहीत असो की नसो, काट मारायची वही दोघांनाही लागते. माझं मत तेव्हा हेच होतं आणि अजून आहे. दादाला ते पटलं नाही. राजवाड्यांच्या शेजारी व्हाइस सिटी बसवलेली त्याला चालेना.

दादा : ठीक. वही लागते. पण तुझी वही भरली की खेळ संपला. शेवटी मिळतं काय?

लेक : कधी काहीच नाही. पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये चारशे वीस झेंडे होते. सगळे गोळा केले तरी खेळात त्याचं काही मिळत नाही. ‘झेल्डा’च्या एका खेळात तर नऊशे बिया. सगळ्या नेऊन दिल्या की एक बक्षीस देतात.

दादा : काय?

लेक : सोन्याची शी.

दादा : काय?

लेक : खरंच. आकारही तसाच. बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलंय. बिया देऊन सामानाच्या थैल्या मोठ्या करता येतात, आणि त्या पूर्ण मोठ्या करायला चारशे एकेचाळीस बिया पुरतात. त्यापुढे जो जाईल त्याची ती थट्टा.

दादा इतका हसला की आतून वहिनी बघायला आली. हसून झाल्यावर मात्र तो म्हणाला, बघ, खुद्द बनवणाऱ्यांनाही तुमची कीव येते. लेकीनं त्यावर दुसऱ्या ‘असॅसिन्स क्रीड’ची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकातलं फ्लोरेन्स. नायकाचा धाकटा भाऊ आजारी असतो आणि पक्ष्यांची पिसं जमवत असतो. त्याला वडलांबरोबर आणि थोरल्या भावाबरोबर फासावर देतात. आईची वाचा जाते. मग खेळणाऱ्यानं गावोगावच्या कौलांवर, मनोऱ्यांवर अडकलेली शंभर पिसं शोधायची आणि आईच्या खोलीतल्या पेटीत आणून टाकायची. शंभरावं टाकलं की आई बोलते. वर एक झगा मिळतो, तो घालून बाहेर पडलं तर सगळ्या शहरांतले शिपाई मागे लागतात. म्हणजे तोही कुचकामी.

दादा : गोष्ट चांगली आहे. पण ती कोणीतरी रचली. तुला पिसं शोधायला लावायला रचली.

लेक : रचलेली आहे म्हणून खोटी? मग तुमच्या निम्म्या पोथ्या काढून टाका.

आई या नात्यानं मी या मुद्द्यावर निकाल देऊ शकत नाही. पुढे जाते.

दादाचा खरा जोर पुढच्या गोष्टीवर होता, आणि ती त्यानं आजवर मलाही सांगितली नव्हती. यादीतलं एक देऊळ बघायला तो गेला होता. गावाचं नाव लिहीत नाही. पुस्तकात त्याचं वर्णन आहे: खांब, छताची नक्षी, दाराची चौकट. जागेवर चौथरा तेवढा उरलेला. चौकटीचा दगड नदीवरच्या घाटाला पायरी म्हणून लागलेला, त्यावर बाया धुणं धूत होत्या.

दादा : आता या ठिकाणापुढे मी खूण करू की काट मारू? तुझ्या खेळात न सापडलेली वस्तू तिथेच असते. दहा वर्षांनी जा, वाट बघत असते. इथे मी एखादं ठिकाण पुढच्या वर्षावर टाकलं की ते घाटावर जातं.

लेक : खेळातही जातं. सायबर कॅफेत आठच सेव्ह स्लॉट असायचे. माझी ऐंशीच्या वर पुडकी झाली होती, एका पोरानं माझ्याच स्लॉटवर स्वतःचा खेळ सेव्ह केला. घरी येऊन रडले होते. आईला विचारा.

रडली होती. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं.

दादा : ते तुझं गेलं. पुडकी परत आपापल्या जागी आली. इथे जे गेलं ते सगळ्यांचंच गेलं. आणि दुसरं ऐक. यादीतलं जसं जातं तसं यादीबाहेरचं सापडतं. साक्री तालुक्यात एका शेताच्या बांधाला मी दगड पाहिला, इतका शेंदूर फासलेला की डोळेसुद्धा रंगवलेले. मी शेतकऱ्याला म्हटलं, हा वीरगळ असावा, लढाईत पडलेल्या वीराचा दगड. तो म्हणाला, “तो ते आमना मारोती शे.” मागून पाणी मारून बघू दिलं त्यानं. खाली लढणारा माणूस, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीपुढे बसलेला, कडेला चंद्रसूर्य. कझिन्सकडे नाही, गॅझेटियरमध्ये नाही. आता माझ्या यादीचा खालचा आकडा एकानं वाढला. तुझ्या खेळात असं होईल?

लेक : नाही होणार. हे मात्र मी मानते.

पुढे ती जे बोलली त्यानं वाद फिरला. तोवर हे दोघं, खेळ मोठा की इतिहास, असं भांडत होते. आता प्रश्न दादाच्या वहीचा झाला.

लेक : मग तो वीरगळ तुम्ही नकाशावर टाकलात का?

दादा : कोणत्या नकाशावर?

लेक : फोनवरच्या. मी उभ्या उभ्या खूण टाकून देते. फोटो, गावाचं नाव, नेमकी जागा. आम्ही खेळणारे तेच करतो. ज्याला सापडलं त्यानं बाकीच्यांना सांगायचं. तुमच्या वहीतलं देऊळ घाटावर गेलं, कारण ते कोणाच्याच नकाशावर नव्हतं.

दादा : अजिबात नाही.

लेक : का?

दादा : गुप्तधन. जुना दगड दिसला की खाली हंडा आहे, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. अमावास्येला येऊन खणतात. नंदी उलटे केलेले मी पाहिलेत. कायदा १८७८पासून आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. कळवतं कोण? तू खूण टाकशील ती अभ्यासकासाठी, आणि पहिल्यांदा वापरील पहार घेऊन येणारा.

लेक : पण खूण नसली तर?

दादा : नसली तर मारोती म्हणून राहील.

लेक : त्या शेतकऱ्याच्या मुलानं शेत विकलं तर? तिथे पेट्रोल पंप झाला तर? तेव्हा हा वीरगळ होता हे तुमच्या वहीशिवाय कुठेच नसेल. आणि वही कपाटात.

दादा गप्प बसणारा नाही, पण या वेळी त्याला उत्तर जुळवावं लागलं. तो म्हणाला, मोजमाप, फोटो, वर्णन सगळं लिहू. गावाचं नाव लिहू, गट नंबर लिहायचा नाही. एक प्रत संशोधन मंडळात द्यायची. ज्याला खरंच बघायचंय तो गावात येईल, चार लोकांना विचारील. विचारपूस करणारा चोर लोकांच्या लक्षात राहतो.

लेक : म्हणजे अर्धा नकाशा.

दादा : अर्धा का होईना. राजवाड्यांना पाव पण नव्हता.

लेक : आणि पन्नास वर्षांनी विचारायला गावात उरणार कोण? निम्मी पोरं पुण्यात, सुरतेला. मी स्वतः जळगावात बसून परदेशातल्या कंपनीचं काम करते. नेमकी जागा कुठेतरी लिहून ठेवलीच पाहिजे. उघड नको तर पाकिटात बंद ठेवा. पण लिहा.

दादा : पाकीट कोण उघडणार, कधी उघडणार, हे कोण ठरवणार? दफ्तरंही अशीच बंद होती. वाळवीनं उघडली.

इथे दोघांचंही म्हणणं मला पटत होतं आणि म्हणूनच राग येत होता. एकाला चोराची भीती, दुसरीला विसरण्याची; दोन्ही खऱ्या. पण इतका वेळ दोघंही त्या दगडाबद्दल असं बोलत होते, जणू तो यांच्यापैकी कोणाला तरी सापडलेला आहे. मी म्हटलं, नकाशावर टाकायचा की नाही हे त्या शेतकऱ्याला विचारा. दगड त्याच्या बांधावर आहे, दर शनिवारी तेल तो घालतो, आणि इतकी वर्षं दगड टिकला तो शेंदरामुळे. कझिन्समुळे नाही की फोनमुळे नाही.

त्यावर दोघंही एकदम बोलायला लागले. दादाचं म्हणणं, वीरगळ आहे हे कळलं तर शेतकरीच उद्या खाली खणून बघेल. लेकीचं म्हणणं, शेतकऱ्याच्या पोराकडे माझ्यापेक्षा चांगला फोन असेल आणि खूण त्यानं कधीच टाकली असेल, ‘जागृत मारुती’ म्हणून, आपण आधी ते तरी बघूया.